दातांची ओळ आधी बसते, चावा नंतर

पांढरकवड्याकडच्या एका अंगणवाडीताईंचा प्रश्न आहे. मुलगी 13 वर्षांची, आठवीत. तोंड मिटलं की वरचे दात खालच्या दातांना पुरते झाकून टाकतात आणि खालचे दात वर टाळूला लागून तिथं सारखं सोलवटतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तारा लावायला सांगितलं. नागपूरला राहणारे दीर म्हणतात, तारा आता जुन्या झाल्या, पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे, करून घ्या. ताईंनी विचारलंय, तारेनं चावा खरंच सुधारतो का, की नुसते दात सरळ दिसतात? आणि कापसाच्या दिवसांत दर महिन्याला यायला जमलं नाही तर?

ताई, तो शेवटचा प्रश्न तुम्ही जरा संकोचानंच विचारलाय, पण माझ्या लेखी तोच पहिला आहे. गेली 22 वर्षं मी याच पट्ट्यात तारा लावते. इथं उपचार बिघडतात ते तार जुनी असते म्हणून नाही. पेशंटचं वेळापत्रक एक असतं आणि तोंडातल्या तारेचं दुसरंच, म्हणून बिघडतात. तिथपर्यंत येतेच. मुलीला मी पाहिलेलं नाही, तेव्हा जे सांगतेय ते तुमच्या वर्णनावरून.

वरचे पुढचे दात खालच्यांवर थोडे यायलाच हवेत, साधारण 2 ते 3 मिलिमीटर. त्याहून बरेच खाली आले की आम्ही त्याला डीप बाइट म्हणतो. तुमच्या मुलीचे खालचे दात थेट टाळूच्या हिरडीवर आदळतात, म्हणजे हा दिसण्याचा विषय राहिलेलाच नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की वरच्या दातांमागची हिरडी सुटायला लागते आणि खालच्या दातांची टोकं झिजतात. चाळिशीतले असे लोक माझ्याकडे येतात तेव्हा तार लावण्याआधी दात वाचवायची चिंता असते. म्हणून "लग्नाच्या वेळी पाहू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

आता तारेकडे. आपण "तार" हा एकच शब्द वापरतो, पण मुलीच्या तोंडात दीड-दोन वर्षांत पाच-सहा वेगवेगळ्या तारा येऊन जातात. दातावर चिकटवलेला छोटा चौकोनी तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, तो तसाच राहतो. बदलते ती तार. ब्रॅकेटच्या मधोमध आडवी खाच असते, त्यात तार बसते. माझ्याकडची खाच 0.022 इंचाची आहे. हे माप अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांच्या 1928 सालच्या पद्धतीतून आलेलं. तेव्हा तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या असत. सोनं मऊ, म्हणून तार जाड आणि खाचही मोठी. पुढे स्टील आलं, तारा बारीक झाल्या, काहींनी 0.018 ची खाच धरली, पण अँगलसाहेबांचं माप काही गेलं नाही. तेव्हा दीर म्हणतात ते एका अर्थी खरंच आहे, पद्धत शंभरीला टेकलीय. पण खाचेचं माप जुनं असलं तरी त्यात बसणारी तार जुनीच असते असं नाही.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची असते, बारीक, गोल, 0.014 किंवा 0.016 इंचाची. हा धातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हातून पुढे आला. निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून त्याचं निटिनॉल हे नाव झालं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठातल्या जॉर्ज अँड्रीसन यांनी तो दातांच्या कामात आणला. नवीन पेशंटच्या आईच्या हातात मी ही तार देते आणि म्हणते, बोटाला गुंडाळा. त्या गुंडाळतात, सोडतात, तार टुणकन सरळ. मग स्टीलची देते. ती वाकवली तशीच वाकलेली राहते. एक आजी म्हणाल्या होत्या, "हे त कुपाच्या तारावानीच हाय बाप्पा." कुंपणाची तार, अगदी तसंच आहे.

निकेल-टायटॅनियमची तार वाकड्यातिकड्या दातांत अडकवली की ती पुन्हा आपल्या मूळ आकारावर जायला बघते आणि जाताना दातांनाही सोबत नेते. बळ हलकं आणि बराच काळ जवळपास एकसारखं. हिच्या जोरावर पहिल्या पाच-सहा महिन्यांत ओळ लागते, शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो बदलतो, आणि घरचे म्हणतात, "झालं नं आता, काढून टाका." इथंच घात होतो. ओळ लागली म्हणजे चावा बसला असं नाही. माझ्याकडे मधेच यायचं सोडलेल्या पेशंटांची जी जुनी कार्डं पडून आहेत, त्यातली बहुतेक याच टप्प्यावर थांबलेली आहेत. दात सरळ, आणि डीप बाइट जसाच्या तसा.

चावा का सुटत नाही ते सांगते. मुलीच्या खालच्या दातांची ओळ बाजूनं बघा. सैल झालेल्या बाजेची नवार मधे लोंबते ना, तशी ती दिसेल. पुढचे दात उंच चढलेले, मधल्या दाढा खाली, मागची दाढ परत उंच. हा झोळ काढायचा तर अशी तार लागते जी स्वतः दातांपुढे नमणार नाही. बारीक निकेल-टायटॅनियमची तार बळात स्टीलच्या पाव-पंचमांश. ती दातांना ओळीत आणते, पण झोळ पुरता निघत नाही, चावताना पडणाऱ्या जोरापुढे ती थोडी नमतेच. म्हणून नंतर येते स्टीलची आयताकृती तार, 0.017 बाय 0.025 किंवा 0.019 बाय 0.025 इंचाची. तिच्यात मी हातानं उलटा बाक देते, झोळ जिकडे आहे त्याच्या विरुद्ध. ती बांधली की मधल्या दाढा हळूहळू वर येतात आणि पुढचे दात खाली दाबले जातात. या दाबानं खालचे पुढचे दात पुढे कलंडायला बघतात. म्हणूनच तार आयताकृती हवी, कारण ती खाचेत फिरत नाही, दाताच्या मुळाला धरून ठेवते. शिवाय शेवटच्या दाढेमागे तारेचं टोक वळवून अडकवते, म्हणजे ओळ पुढे सरकत नाही.

गोल तारेची जाडी जराशी वाढवली तरी तिचा ताठपणा चौथ्या घाताने वाढतो. 0.016 ची काढून 0.018 ची घातली तर बोटाला फरक कळतही नाही, पण तार दीडपटीहून जास्त ताठ झालेली असते. लांबीचं याच्या उलट. वीतभर पऱ्हाटी वाकवायला किती जोर लागतो आणि हातभर लांबीची किती सहज वाकते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दोन ब्रॅकेटांमधलं अंतर किती, हेही मोजावं लागतं. एक ब्रॅकेट निघालेलं असलं की तेवढ्या जागी तार लांब होते, मऊ पडते, आणि त्या दाताचं काम थांबतं. "एकच तर निघालंय डॉक्टर" असं म्हणून दोन महिने काढू नका, ते यासाठी.

पुढचे दात खाली दाबायला बळ किती लागतं? एका दाताला 10 ते 20 ग्रॅम. 5 रुपयाच्या दोनेक नाण्यांचं वजन, बस. लोकांना हे पटत नाही. पेशंटचे वडील मला हमखास सांगतात, "जरा कसून घ्या मॅडम, लवकर होऊन जाईल, आम्हाले खेटे कमी पडतीन." दात आणि हाडाच्या मधे पाव मिलिमीटरचा एक पडदा असतो, त्यात रक्तवाहिन्या असतात. हलकं बळ लावलं की दाबाच्या बाजूचं हाड विरतं, ओढीच्या बाजूला नवं तयार होतं, दात सरकतो. जोर जास्त झाला की त्या पडद्याचं रक्तच तुटतं, तो भाग काही दिवस मेल्यासारखा होतो आणि दात जागेवरच थांबतो. दुखतं जास्त, सरकतं कमी, वर दातांची मुळं आखूड होण्याचा धोका. तार दुखली म्हणजे काम चाललंय, हा समज काढून टाका. पहिले तीन-चार दिवस ठणका ठीक आहे. आठवड्यानंतरही झोप लागत नसेल तर तारेचा जोर जास्त आहे, डॉक्टरांना सांगा.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मी तारेच्या आधी, किंवा तारेसोबतच, एक साधं काम करेन. वरच्या पुढच्या दातांच्या मागे दाताच्याच रंगाच्या सिमेंटचे दोन छोटे उंचवटे. खालचे दात आता टाळूऐवजी त्यावर टेकतात. टाळूची जखम त्या दिवसापासून भरायला लागते. मागच्या दाढा एकमेकींना टेकेनाशा होतात, त्यामुळे पहिले पंधरा-वीस दिवस भाकर चावणं अवघड. वरण-भात, पातळ पिठलं, दुधात कुस्करलेली पोळी यावर राहावं लागतं. मग दाढा हळूहळू वर निघून एकमेकींना भेटतात, आणि तेवढाच चावा उघडतो. 13 व्या वर्षी चेहऱ्याची वाढ चालू असल्यानं हे टिकतं. चाळिशीत जबड्याचे स्नायू दाढांना परत खाली दाबतात. वय तुमच्या बाजूनं आहे.

आता कापसाच्या दिवसांचं.

माझी सुरुवातीची वर्षं. 15 वर्षांची एक मुलगी, असाच डीप बाइट. ओळ छान लागली होती. मी तिला तयार मिळणारी उलट्या बाकाची निकेल-टायटॅनियमची तार घातली. पाकिटातून काढायची, बांधायची, काही वाकवावं लागत नाही. पाच आठवड्यांनी ये म्हटलं. मधे वडील आजारी पडले, मग वेचणी लागली, मग म्हणे आता दिवाळीनंतरच जाऊ. ती आली पाच महिन्यांनी. तोंड उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. डीप बाइट गेला होताच, पण तार तिथं थांबली नव्हती. खालचे पुढचे दात पुढे कलंडले होते, वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकतच नव्हते, मधून बोट जाईल एवढी फट. पोरगी म्हणाली, "मॅडम, शेंगा तोडता येत नाही." ते सगळं जागेवर आणायला मला पुढचे आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांचे पैसे मी घेतले नाहीत. चूक तिची नव्हती. शेतात मोटार चालू ठेवून घरी निघून यावं आणि रात्रभर पाणी बांध फोडून वाहावं, तसं मी केलं होतं.

निकेल-टायटॅनियमची तार थकत नाही, हा तिचा गुण आणि तोच तिचा धोका. सुरुवातीची साधी, सपाट तार बऱ्यापैकी सुरक्षित असते. ओळ लागली की तिच्याजवळ करायला फारसं काही उरत नाही, दोन-अडीच महिने राहिली तरी सहसा बिघडत नाही. (सुळा फार उंच असेल तर तिथंही भीती आहे, तो खाली यायच्या ऐवजी शेजाऱ्यांना वर ओढतो.) पण उलट्या बाकाची तयार तार, किंवा जागा बंद करणारी निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग, ही चालू मोटार आहे. स्टीलच्या तारेत मी दिलेला बाक मिलिमीटरांत मोजलेला असतो. तेवढं काम झालं की ती सरळ होऊन नुसती पडून राहते, दात जिथं आहेत तिथं धरून ठेवते.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. ज्या पेशंटचं येणं पक्कं नाही, त्याच्या तोंडात थकणारी तार. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत जे दर महिन्याला येऊ शकत नाहीत त्यांना मी सप्टेंबरच्या भेटीत स्टीलवर नेऊन ठेवते, थोडा बाक देते आणि दोन-अडीच महिन्यांची तारीख देते. काम हळू होतं, पण उलटं होत नाही. आम्हाला शिकवताना दर चार-सहा आठवड्यांचं वेळापत्रक शिकवलं होतं. शिकवणारे शहरातले होते, त्यांच्या पेशंटांना पराटी वेचायची नव्हती.

इथलीच आणखी एक गंमत. उष्णतेनं जागी होणाऱ्या तारा मिळतात. थंडीत लुळ्या, तोंडाच्या ऊबेत ताठ. पुस्तकात लिहिलेलं असतं की बांधण्याआधी थंड करा, म्हणजे सहज बसतात. जानेवारीत मी त्या नुसत्या हातानं बसवते. मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि लाइट गेलेली, तेव्हा तार पाकिटातच ताठलेली असते. मग माठातल्या पाण्याच्या वाटीत बुडवते, चिमट्यानं काढते आणि मऊ आहे तोवर पटकन दाताला बांधते. अशा तारेवर गरम चहा प्यायला की ओढ वाढते, थंड पाणी प्यायलं की कमी होते. मुलं हे स्वतःच शोधून काढतात.

दिरांच्या अलायनरबद्दल मला खोटं बोलायचं नाही. ते वाईट नाहीत. दातांची हलकी गर्दी, थोड्या फटी, नोकरी करणारा शिस्तीचा माणूस, अशा ठिकाणी चांगले चालतात. आणि एक गोष्ट तर तुमच्याच सोयीची आहे. चार-पाच महिन्यांच्या साच्यांचा संच एकदम घरी देता येतो, म्हणजे खेटे कमी. पण ते दिवसाचे 20 ते 22 तास घालायचे असतात, जेवताना काढायचे, धुवून परत घालायचे. आठवीतल्या मुलीनं शाळेच्या डब्याच्या वेळी काढलेला साचा रुमालात बांधला आणि रुमाल झटकला, की नवा मागवा. दुसरं, मागच्या दाढा वर आणून चावा उघडणं हे काम तारेला सोपं आणि प्लास्टिकला अवघड, कारण ते दाढांच्या डोक्यावरच बसलेलं असतं. टाळूला टोचणारा डीप बाइट, वाढीचं वय, मर्यादित खर्च. या तिन्हीला मिळून मी तारच निवडेन. धातूच्या साध्या ब्रॅकेटचा खर्च सहसा अलायनरच्या मानानं बराच कमी असतो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तर आणखी कमी, फक्त तिथं नंबर लागायला वेळ लागतो आणि प्रवास तुमच्याकडून एका बाजूनं दीडशे किलोमीटरच्या घरात जातो.

पण तार लावण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यायला हवी, आणि ती तार पाहू शकत नाही. खालचा जबडाच मागे राहिलाय का? डीप बाइटच्या पुष्कळ मुलांत तसं असतं. तार दात हलवते, जबडा वाढवत नाही. जबडा मागे असेल तर वाढीच्या ऐन वेगात ट्विन ब्लॉकसारखं काढघालीचं उपकरण देतात, तार त्यानंतर. मुलींत हा वेग लवकर येतो आणि पाळी सुरू झाल्यावर उतरणीला लागतो. म्हणून मी आईला बाजूला घेऊन पाळी कधी सुरू झाली ते विचारते. काही जणी चमकतात, दाताच्या डॉक्टरला हे कशाला? त्यासोबत बाजूनं काढलेला एक्स-रे, त्याला सेफॅलोग्राम म्हणतात, त्यात जबड्याचं माप आणि मानेच्या मणक्यांचा आकार, दोन्ही दिसतात. मणक्यांवरून वाढ किती उरलीय याचा अंदाज येतो. हा एक्स-रे न काढता कुणी तारा लावायला घेतल्या तर थांबवा. तालुक्याला सोय नसेल तर यवतमाळला किंवा चंद्रपूरला होतो. मोठ्या वयात जबड्याचा मोठा फरक उरला तर शस्त्रक्रिया हाच रस्ता राहतो. 13 व्या वर्षी बहुधा अजून वेळ गेलेली नसते, पण उशीर करू नका.

तुमच्या भागाचं म्हणून एक. केळापूर तालुक्यात आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. लहानपणी त्याहून जास्त पोटात गेलं की दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे येतात. मुलीला तसे असतील तर आधीच सांगा. अशा दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाही. चिकटवण्याआधी दातावर 37 टक्क्यांचं फॉस्फोरिक अॅसिड लावून पृष्ठभाग खरखरीत करतात. फ्लोराइडच्या दातावर ते जास्त वेळ ठेवावं लागतं, कधी वरचा थर हलकासा घासून घ्यावा लागतो, आणि दाढांवर चिकटवायच्या नळीऐवजी मी सरळ दाढेभोवती धातूचं कडं बसवते. हे आधी माहीत नसलं की दर महिन्याला दोन ब्रॅकेट हातात घेऊन या, असं चालू होतं आणि सगळे मुलीलाच ओरडतात.

खाण्याचं पथ्य डॉक्टर सांगतीलच, पण त्यांच्या छापील कागदावर चॉकलेट आणि पिझ्झा लिहिलेला असतो. आपल्याकडे ब्रॅकेट तोडतात ते फुटाणे, ऊस, कच्चं कवठ, संक्रांतीचा कडक तिळगूळ आणि निखाऱ्यावरच्या रोडग्याचा वरचा कडक भाग. भाकर चालते, वरणात-दुधात कुस्करून. पेरूच्या फोडी करून मागच्या दाढांनी खायच्या. हुरड्याला माझी ना नाही. मुलगा असता तर खर्ऱ्याबद्दलही, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाबद्दल, विचारलं असतं. सुपारीनं ब्रॅकेट तर तुटतातच, पण पुढे तोंडच उघडेनासं होतं, मग तार लावायला हात आत जाईल कसा? परवा एक बाप स्वतः गालात खर्रा धरून पोराच्या ब्रॅकेटची तक्रार घेऊन आला होता. त्याचं तोंड दोन बोटं उघडत होतं. पोराला नंतर पाहिलं, आधी त्याला खुर्चीत बसवलं.

तारेचं टोक गालाला टोचलं तर दवाखान्यातून मिळालेलं मेण चिमूटभर मळून त्यावर दाबा. मेण संपलं असेल तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत स्वच्छ कापसाचा ओला बोळा चालतो, रात्री झोपताना मात्र तो काढून टाकायचा. पक्कड घेऊन घरी तार कापू नका. एका वडिलांनी कापली होती, कौतुकानं मला दाखवायला तुकडा शोधायला लागले तर तुकडा पोटात गेलेला. श्वासनलिकेत गेला नाही हे नशीब.

शेवटी तार काढल्यावरचं, कारण याबद्दल कुणी विचारत नाही. दाताभोवतीचे तंतू नव्या जागेला सरावायला काही महिने लागतात आणि हिरडीतले लवचिक तंतू वर्ष उलटलं तरी जुन्या जागेकडे ओढत राहतात. म्हणून खालच्या दातांमागे बारीक पिळाची तार कायम चिकटवतात, आणि वरच्याला काढघालीची प्लेट. डीप बाइटच्या पेशंटच्या प्लेटला मी पुढे एक छोटा ओटा ठेवते, म्हणजे खालचे दात परत वर चढत नाहीत. पहिले सहा महिने जेवण सोडून दिवसरात्र, मग रात्री. ही प्लेट उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवली की वाकडी होते, आणि कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवली की कचऱ्यात जाते.

आता तुमचं वेळापत्रक. पहिले पाच-सहा महिने भेटी जास्त लागतात, तेव्हा वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारीत सुरू करा. आठवीची परीक्षा ठणक्याच्या दिवसांत येणार नाही अशी पहिली तारीख मागून घ्या. उन्हाळा आणि पेरणीपर्यंत ओळ लागून जाईल. सप्टेंबरपर्यंत स्टील आत गेलेलं असेल, आणि कापूस फुटल्यावर दोन महिन्यांतून एकदा आलात तरी निभावेल. तालुक्याच्या दवाखान्यात तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट बहुतेक ठिकाणी बाहेरून महिन्यातून एक-दोन दिवस येतात. त्यांचा दिवस कोणता, आणि मधल्या काळात ब्रॅकेट निघालं तर कोण बघणार, हे आधीच विचारून ठेवा. पैशांचे हप्ते ठरवताना कापसाच्या पैशाचा महिना कोणता तेही सांगून टाका, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आम्हाला सवय आहे. आणि तार पुढच्या टप्प्यात गेली की दर वेळी एवढं विचारा: मुलगी तीन महिने आली नाही, तर ही तार काय करेल?